धक्क्याची चाल

४ फेब्रुवारी

आज बँडच्या वार्षिक सभेत मी तोंड उघडलं आणि अडकले.

ऑगस्टमध्ये या शाळेत संगीत शिकवायला आले तेव्हा मुख्याध्यापक आर्नफिन म्हणाला होता, बँडचं मनावर घेऊ नकोस, तो आपल्या आपण मरतोय. गेल्या सतरा मेला, म्हणजे देशाच्या वाढदिवसाला, मिरवणुकीपुढे बँडऐवजी दुकानाची गाडी होती आणि तिच्या टपावर लाउडस्पीकर. चर्चपाशी पोचेपर्यंत थंडीनं बॅटरी बसली आणि पुढचा सगळा रस्ता गाव मुक्यानं चाललं. ही गोष्ट मला आतापर्यंत कितीतरी जणांनी सांगितली आहे. सांगताना प्रत्येक जण खिडकीबाहेर बघतो.

सभेत ठरलं ते असं. येत्या सतरा मेला सकाळी गावच्या, म्हणजे स्कार्वोयच्या, मुलांनी शाळेपासून बंदराच्या धक्क्यापर्यंत ‘धक्क्याची चाल’ मध्ये न थांबता वाजवत नेली, तर बँड राहील. नाहीतर तो डोंगरापलीकडच्या लाक्सबोत्नच्या बँडमध्ये विलीन होईल. घाट अर्धा हिवाळा बंद असतो, तेव्हा विलीन म्हणजे काय ते न सांगता सगळ्यांना कळलं. आर्नफिननं सुस्कारा सोडला, पण तो सुटकेचा होता. ते ऐकून माझं डोकं फिरलं आणि मी म्हणाले, मी बसवते बँड.

बोर्गहिल्ड अध्यक्ष आहे. साठीची बाई, मासळीच्या गाळ्यात काम करते आणि उरलेल्या वेळात बँडसाठी वॉफल आणि टॉयलेट पेपर विकते. गावातल्या प्रत्येक तळघरात तिच्या कृपेनं दोन वर्षांचा साठा आहे. तिनं चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, “तू दक्षिणेकडची ना?” एखाद्याला दमा आहे का विचारावं तशी.

हो, आहे. स्टावांगरची. आमच्याकडे सतरा मेला पाऊस पडतो आणि आम्ही पावसात वाजवतो. माझा करार जूनपर्यंत आहे. तोवर या लोकांना दाखवून मगच जाईन.

११ फेब्रुवारी

पहिली तालीम, दुपारी चार वाजता. कागदावर सोळा मुलं आहेत. त्यांतली बारा आली. स्वर लावून घेतले, पहिली ओळ काढली, आणि तेवढ्यात बंदरात भोंगा झाला. ट्युबा हे सगळ्यात मोठं पितळी वाद्य वाजवणारा ब्राजे, अंगानं दांडगा आणि मनानं मऊ, खुर्चीतून उठत म्हणाला, “बोटी आल्या, सुन्निवा.” दोन मिनिटांत खोली रिकामी. एक लहान ड्रमवाली तेवढी उरली, तिला अजून सुरी धरायची परवानगी नाही म्हणून.

झालंय असं की कॉड मासळीचा हंगाम चालू आहे. बोटी आल्या की कॉडच्या मुंडक्यांतून खायच्या जिभा कापून काढायचं काम मुलांचं. वडीलधारे त्याला हात लावत नाहीत, तो मुलांचा हक्क. पैसे मुलांचे, गप्पा मुलांच्या, आणि वासही त्यांचाच, तो दुसऱ्या दिवशी माझ्या वर्गात येतो.

१८ फेब्रुवारी

दाराच्या कडीला पिशवीत मासा लटकवलेला. ताजा, साफ केलेला, पिशवीचं तोंड निळ्या दोरीनं बांधलेलं. शेजारच्या म्हाताऱ्या ओद्वारचे हे उपकार असणार. त्याचे आभार मानले तर तो बुटांकडे बघत राहिला. इथली माणसं कौतुकानं किती लाजतात.

२६ फेब्रुवारी

आज इल्वाला एकटीला वाजवायला लावलं. चौदा वर्षांची, काटकुळी, बोलण्यात कंजूष, बोर्गहिल्डची नात. ‘धक्क्याची चाल’ मध्यावर येते तिथे बाकी सगळे थांबतात आणि एकटा कॉर्नेट, म्हणजे आखूड ट्रम्पेट, आठ मात्रा वाजवतो. ही चाल गावातल्याच कुणा मासळीव्यापाऱ्यानं शंभरेक वर्षांपूर्वी रचली आणि बाहेर कुठेच वाजत नाही. इल्वानं त्या आठ मात्रा अशा वाजवल्या की मी त्या तिच्याकडून पुन्हा वाजवून घेतल्या. संगीत शाळेत इतकी वर्षं काढली, पण इतका सरळ, न नटलेला सूर मी क्वचित ऐकलाय.

“कुणी शिकवलं?” मी विचारलं. “आजीनं. ती आल्टो हॉर्न वाजवायची.”

बोर्गहिल्ड वाजवायची? मला वाटलं होतं, तिला फक्त टॉयलेट पेपर कळतो.

५ मार्च

चार दिवस वादळ. बोटी बंदरात, आणि सोळाच्या सोळा मुलं तालमीला. पूर्ण चाल पहिल्यांदा शेवटापर्यंत गेली, ट्युबा एक मात्रा मागे होता एवढंच. मला इतका आनंद झाला की दुकानात रांगेत उभी असताना म्हणाले, “असंच वादळ आणखी आठवडाभर राहू दे रे देवा.” रांगेतली माणसं खिडकीतून बंदरात अडकलेल्या बोटींकडे बघू लागली. गल्ल्यावरच्या बाईनं माझं दूध न बोलता पुढे सरकवलं.

इथल्या लोकांना विनोद कळत नाही.

१२ मार्च

वादळ शमलं आणि तालमीला पुन्हा चार मुलं. सतरा मे दारात येऊन ठेपलाय आणि मी एकटी हात हलवत उभी. अंगाचा तिळपापड झाला. आज सकाळी शाळेच्या सभागृहात सगळ्यांसमोर सांगून टाकलं: मंगळवार, गुरुवार चारला जो नसेल तो बँडमध्ये नाही. जीभ किंवा कॉर्नेट, दोन्ही नाही.

आर्नफिन म्हणाला, “असं इथे कुणी कधी म्हटलेलं नाही.” म्हटलं, म्हणूनच ही वेळ आली.

१४ मार्च

सहा आली. ठीक आहे, सहांनी सुरुवात करू.

इल्वा वीस मिनिटं उशिरा आली. उजव्या हातावर चढवलेला जाड लोकरी हातमोजा, कॉर्नेटची पेटी डाव्या हातात, चेहरा पांढराफटक. “मुंडक्यांचा टब उरकून आले,” म्हणाली. मी म्हणाले, उरकून नाही, सोडून यायचं, आणि मोजासुद्धा न काढता वाजवायला कोण येतं? जिच्यावर सगळी चाल उभी आहे तिनंच असं केलं तर बाकीच्यांनी काय करायचं? तिला घरी पाठवलं. ब्राजे उभा राहून काहीतरी बोलणार होता, त्याला बसवलं. एकदा नियम केला की पाळायचा.

नंतर दारापाशी फरशी पुसली. वितळलेल्या बर्फाचं तांबूस पाणी साचलं होतं. मासळीचं, दुसरं काय.

१९ मार्च

ओद्वारनं आज मान फिरवली. दारावर मासा नाही. तालमीला तीन मुलं.

२० मार्च

ब्राजेनं मला जिन्यात गाठलं. “तुला खरंच माहीत नाही?” म्हणाला. मग सगळं सांगितलं. गुरुवारी चारच्या आत पोचायचं म्हणून इल्वा भराभर कापत होती. सुरी घसरली आणि उजव्या हाताच्या पहिल्या दोन बोटांना वाकवणाऱ्या शिरा तुटल्या. तरी मोजा चढवून तालमीला आली, कारण मी सांगितलं होतं. मी हाकलल्यावर घरी गेली आणि स्वयंपाकघरात पडली. त्याच संध्याकाळी विमानानं नेलं, शस्त्रक्रिया झाली. बोटं उन्हाळ्याआधी वाकणार नाहीत. नंतरही किती वाकतील ते डॉक्टर सांगत नाहीत.

म्हणजे ते पाणी मी पुसलं.

२१ मार्च

शाळा सुटल्यावर बोर्गहिल्डकडे गेले. ती बँडच्या विक्रीसाठी वॉफल करत होती. मी दारातच म्हणाले, चूक माझी आहे. आणि मला रडू फुटलं.

तिनं वॉफलचा साचा बंद केला. म्हणाली, “रडायला आली असशील तर रविवारी ये, मला वेळ असतो. कामाला आली असशील तर भोंगा आत्ता होईल आणि तिकडे अंगावर घालायला जादा प्लॅस्टिकचा झगा आहे.”

काय अर्थ घ्यावा कळेना. तेवढ्यात भोंगा झाला, म्हणून मी गेले.

गाळ्यात मुलं मुंडक्यांच्या टबांभोवती उभी होती. मला बघून सुऱ्या थांबल्या. मी झगा चढवला आणि सांगितलं, नियम मागे घेतला, मला कापायला शिकवा. ब्राजेनं दाखवलं: मुंडकं खिळ्यावर बसवायचं, जबडा आपोआप उघडतो, मग एकच फिरता काप. माझ्या पहिल्या जिभेला अर्धा जबडा चिकटून आला. कुणीतरी मागून म्हणालं, “ही जीभ नाही, ही तर आख्खी बडबडी आत्या.” सगळे खिदळले. तिसऱ्या टबाशी इल्वाची जागा होती. ती कुणी घेतली नव्हती.

काम संपल्यावर मी म्हणाले, तालीम इथेच करू. वर जाळ्यांचा माळा रिकामा आहे. बोटी येण्याची वाट बघत खाली बसता ना, तसे वर बसा.

“वाद्यांना वास लागेल,” ड्रमवाली म्हणाली.

“लागू दे.”

२३ मार्च

दारावर मासा. निळी दोरी. ओद्वारचा राग गेला वाटतं. आभार मानायला गेले तर तो म्हणाला, “अगं, मी तर सांधेदुखीनं महिनाभर धक्क्यावर गेलोच नाही.” बिचारा, किती विनयी.

२ एप्रिल

माळ्यावर थंडी इतकी की श्वास दिसतो, पण पंधरा मुलं. भोंगा होतो, ती खाली जातात, मी पण जाते, तासाभरानं जिभेच्या बादल्या भरून पुन्हा वर येतो. ब्राजेच्या ट्युबात काल कॉडचा खवला सापडला. चाल चालते आहे, फक्त त्या आठ मात्रांशी आल्यावर सगळे थांबतात आणि ड्रम एकटाच टकटक करत पुढे जातो. दुसऱ्या कॉर्नेटवाल्याला तिथे वाजव म्हटलं तर तो म्हणाला, “ते इल्वाचं आहे.” जबरदस्ती केली नाही. जबरदस्तीचं फळ मी एकदा बघितलंय.

७ एप्रिल

आज अंथरुणातून उठता उठता सुचलं आणि मी स्वतःला चार शिव्या घातल्या. मी स्वतः फ्रेंच हॉर्न वाजवते. फ्रेंच हॉर्नच्या कळा कॉर्नेटसारख्या उजव्या नाही, डाव्या हाताखाली असतात. उजवा हात फक्त वाद्याच्या तोंडात आत ठेवायचा असतो, बोटं मिटून, स्वस्थ.

हॉर्न पाठीला मारून त्यांच्या घरी गेले. इल्वा उजवा हात उशीवर ठेवून बसली होती, पट्टीतून बोटांची टोकं तेवढी बाहेर.

“मला तुझी दया नको,” तिनं पेटी बघताच सांगितलं.

“मला आठ मात्रा हव्यात,” मी म्हणाले. “दयेचं नंतर बघू.”

“हे तुझं स्वतःचं आहे.”

“मला ठेका द्यायला हात हलवायचे आहेत. मी दोन्ही एकदम कसं करू?”

तिनं डाव्या हातानं पेटी उघडली. मग त्याच हातानं कळा चाचपल्या. पट्टी बांधलेला हात मी हळूच हॉर्नच्या तोंडात ठेवला. तो तिथे चपखल बसला. पहिला सूर म्हणजे अडलेल्या गाईचं हंबरणं होतं. आतल्या खोलीतून बोर्गहिल्डचा आवाज आला, “दार लावा.”

सगळीकडे मला हीच बाई आडवी येते.

२० एप्रिल

ईस्टर आटोपला. सगळं गाव स्नोस्कूटरवर डोंगरातल्या सुट्टीच्या झोपड्यांत गेलं होतं आणि आता सगळे तक्रार करताहेत. बोर्गहिल्डच्या झोपडीतून रोज सकाळी असा आवाज यायचा की खाडीपलीकडचे लोक सील अडकलाय म्हणून दोर घेऊन निघाले. कॉर्नेटचे ओठ वेगळे, हॉर्नचे वेगळे. इल्वाला सहा आठवड्यांत ते जमवायचंय, मला त्यात चार वर्षं गेली.

पण आज ती माळ्यावर आली. कोपऱ्यात उभी राहून आठ मात्रा वाजवल्या. दोन सूर फुटले. चाल पूर्ण झाली तेव्हा कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. ब्राजेनं तिच्यासाठी खालून गरम कोको आणला आणि म्हणाला, “सील सुटला.”

२८ एप्रिल

बोर्गहिल्डनं माझ्या पाठीमागे लाक्सबोत्नच्या बँडला सतरा मेला बोलावलंय. चाळीस वाद्यं, बसनं येणार. मला आर्नफिनकडून कळलं, आणि तो सांगताना फार खूश होता.

सरळ गाळ्यात गेले. म्हटलं, ते आले तर आमची चाल कुणाला ऐकू जाणार? सभेचा ठराव काय होता? तुलाच हा बँड बुडवायचाय का?

ती मासे निवडत होती, हात थांबले नाहीत. “ते मागे चालतील,” म्हणाली. “तुम्ही पुढे. तुम्ही अडखळलात तर ते उचलून घेतील. गेल्या वर्षीसारखं गावानं मुक्यानं चालायचं नाही.”

“आम्ही अडखळणार नाही.”

“तू दक्षिणेकडची आहेस,” ती म्हणाली. “तुला मे महिना माहीत नाही.”

एवढा अविश्वास. वॉफलचं पीठ घेऊन जा म्हणाली तर तेही घेतलं नाही. निळ्या दोरीनं बांधलेली पिशवी तशीच टेबलावर ठेवून आले. ही निळी दोरी इथे सगळेच वापरतात.

९ मे

आता रात्री अंधार होतच नाही. मुलं झोपत नाहीत, माझीही झोप उडालीय. आज रस्त्यावर चालण्याचा सराव. दोन्ही बाजूंना बर्फाच्या भिंती, मध्ये खडी टाकलेला निसरडा पट्टा, तिघांच्या ओळीत चालायचं आणि वाजवायचं. ब्राजे दोनदा घसरला. दुसऱ्यांदा ट्युबासकट आडवा झाला तेव्हा आधी विचारलं, ट्युबा ठीक आहे ना. या मुलांचा मला फार अभिमान वाटतो. हे त्यांना सांगायला हवं, उद्या सांगेन.

१६ मे

दुपारपासून बर्फ पडतंय. साधं नाही, आडवं. संध्याकाळी निरोप आला की घाट बंद झालाय, लाक्सबोत्नची बस येणार नाही. मी मनातल्या मनात नाचले. मग बाहेर बघितलं आणि नाच थांबला.

शाळेत गणवेश घ्यायला गेले तर बोर्गहिल्ड एकटी इस्त्री करत होती. सोळाही गणवेश झाले होते, इल्वाच्या उजव्या बाहीची शिवण उसवून पट्टीसाठी रुंद केलेली. “घाट बंद,” मी म्हणाले. “ऐकलं,” ती म्हणाली. “मुखनळ्या खिशात ठेवायला सांग. उबेत.”

वाद्यांच्या कळांना शाळेतलं नेहमीचं तेल घातलंय. सगळं तयार आहे. आम्ही वाजवत जाणार.

१७ मे

हात अजून शेकोटीवर धरल्यासारखे चुरचुरताहेत, पण आजचं आजच लिहायला हवं.

सकाळी सात. उणे सहा, वारा समुद्राकडून. बर्फ थांबलं होतं, आभाळ ढगांनी भरलेलं पण लख्ख उजेडाचं. सोळाच्या सोळा मुलं शाळेपुढे उभी, नाकं लाल, टोप्यांवर हिमाचे कण. प्रत्येक घराच्या पायरीवर माणसं, हातात झेंडे, राष्ट्रीय पोशाखांवरून घातलेली मासेमारीची जाकिटं. मी मुलांना म्हणाले, काहीही झालं तरी पाय थांबवायचे नाहीत. आणि म्हणाले की मला तुमचा अभिमान आहे. हे सांगायचं राहिलं होतं.

ड्रम वाजला. आम्ही निघालो.

पहिल्या वळणापर्यंत चाल अशी निघाली की छपरांवरचं बर्फ हललं असेल. दुकानापाशी पहिला कॉर्नेट गप्प झाला. मुलानं माझ्याकडे घाबरून बघितलं आणि कळेवर बोट आपटलं. कळ गोठली होती. मग त्याच्या शेजारचा. मग दोन्ही ट्रॉम्बोनच्या नळ्या अडकल्या. ते नेहमीचं तेल थंडीत मधासारखं दाट झालं होतं. हे मला कळायला हवं होतं, स्टावांगरमध्ये कधी गरज पडली नाही. एकेक वाद्य दिव्यासारखं विझत गेलं. मुलं तोंडाला वाद्य लावून नुसती चालत राहिली, पाय मात्र एकाचेही थांबले नाहीत. चर्चपाशी आलो तेव्हा ब्राजेच्या ट्युबानं शेवटचा गुरगुराट केला आणि तोही गेला. उरला ड्रम.

तेच चर्च. मी घरांच्या पायऱ्यांवरच्या चेहऱ्यांकडे बघितलं आणि सगळे खाली बघत होते. मागच्या वर्षीसारखे.

आणि तिथेच त्या आठ मात्रा येतात.

इल्वानं हॉर्न आतापर्यंत कोटाच्या आत छातीशी धरला होता. तिनं तो बाहेर काढला, पट्टीचा हात आत घातला, आणि वाजवलं. पहिली मात्रा स्वच्छ आली. दुसरीला कळ अर्धीच फिरली. तिसरीपासून फिरेचना. तिनं थांबायला हवं होतं. ती थांबली नाही. मोकळ्या नळीतून जे सूर निघतात तेवढेच ती वाजवत राहिली, आणि जिथे सूर निघत नव्हता तिथे जागा रिकामी सोडून पुढच्या सुरावर बरोबर वेळेवर यायची. सूर, रिकामी जागा, सूर, सूर, रिकामी जागा. माझे हात हवेत होते आणि मला ते दिसत नव्हते, डोळे भरले होते.

मग त्या रिकाम्या जागेत कुणीतरी गायलं.

आपल्या घराच्या पायरीवर बोर्गहिल्ड उभी होती, काळ्या शालीत, सरळ, आणि गात होती ती मुख्य चालसुद्धा नव्हती. “पा-पा, पा-पा,” आल्टो हॉर्नचा ठेका, पन्नास वर्षांपूर्वी तिच्या वाट्याला होता तो. तिच्या शेजारच्या घरातून एका कोळ्यानं खालचा आवाज लावला, ट्युबाचा, आणि ब्राजेनं मान वर करून तोच उचलला. पुढच्या पायरीवर दुकानातली बाई, जिनं माझं दूध न बोलता सरकवलं होतं, क्लॅरिनेटच्या वेलांट्या गाऊ लागली. ओद्वार कठड्यावर काठी आपटत होता आणि ड्रमवाली त्याच्याकडे बघून हसली. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. हे सगळे कधी ना कधी या बँडमध्ये होते. प्रत्येकाला फक्त आपापला भाग येत होता, लहानपणी जो दिला होता तोच. एका घरातून दुसरा ट्रॉम्बोन, पुढच्या घरातून बासरी. कुठल्याच पायरीवर पूर्ण चाल नव्हती आणि रस्त्यावर ती पूर्ण वाजत होती. मुलांनी वाद्यं काखेत मारली आणि आपापले भाग गायला लागली, चालत चालत, तिघांच्या ओळीत. लोक पायऱ्या उतरून मागे येत राहिले. पुढे इल्वाचा हॉर्न, मध्ये मध्ये, जेवढा निघेल तेवढा.

धक्क्यावर पोचलो तेव्हा शेवटचा ठोका ड्रमवर पडला.

आर्नफिन घसा साफ करत पुढे आला. ठराव कसा होता याची त्यानं सगळ्यांना आठवण करून दिली. मुलांनी वाजवत न्यायची होती. म्हणजे आता याला वाजवत नेली म्हणायचं का, हा प्रश्न आहे, नियम म्हणजे नियम. त्याचा आवाज बसला होता.

बोर्गहिल्डनं शालीची गाठ नीट केली. “आर्नफिन,” ती म्हणाली, “तू चर्चपासून काय गात होतास?”

त्यानं टोपीवरचं बर्फ झटकलं.

“दुसरा कॉर्नेट,” तो म्हणाला.

“मग वाजली.”

१९ मे

दारावर मासा. या खेपेला दोन. ओद्वारकडे आभार मानायला गेले तर तो म्हणाला, “सुन्निवा, तू हुशार आहेस ना गं?” आणि दार लावून घेतलं. म्हाताऱ्याचं डोकं कधी कधी चालत नाही.

इल्वा हॉर्न परत द्यायला आली होती. पुसून चकचकीत केलेला. डॉक्टर म्हणतात बोटं थोडी हलू लागलीत, कॉर्नेटचं काही सांगता येत नाही. मी म्हणाले, ठेव तुझ्याकडे, उन्हाळ्यात ओठ बसतील. तिनं विचारलं, किती दिवस? मी म्हणाले, मंगळवारी चार वाजता बघू, बोटी आल्या नाहीत तर.

पातळ तेल मागवायला हवं. ऑक्टोबरच्या आत, घाट बंद व्हायच्या आधी.